स्पॅनिश बाराखडी आणि हरवलेला ‘श’

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी फार बरं वाटतं. इंग्रजीनं शाळेत पुष्कळ छळलेलं असतं. ‘पुट’ आणि ‘बट’ यांचं न सुटलेलं कोडं असतं, ‘नाइफ’च्या सुरुवातीला उगाचच उभा असलेला ‘के’ असतो. इथे मात्र पहिलाच नियम असा, की लिहिलंय तसं वाचा. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. ‘टी’ म्हणजे आपला त, ‘डी’ म्हणजे बराचसा आपला द. इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थी हा त म्हणायला जीभ दातांना टेकवण्याचा किती सराव करतो! आपल्याला तो जन्मजात येतो. प, त, क म्हणताना हवेचा फुत्कार नको, हेही आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सत्तावीस अक्षरांचा तक्ता तासाभरात पाठ होतो आणि भाषा अर्धी आलीच असं वाटू लागतं.

मग तक्त्याचं दुसरं पान येतं. अपवादांचं.

‘एच’ लिहायचा पण म्हणायचा नाही. ‘जे’चा उच्चार घसा खाकरल्यासारखा, उर्दूतल्या ‘ख़ुदा’मधल्या ख़सारखा. ‘बी’ आणि ‘व्ही’ दोन्ही लिहायचे, उच्चार मात्र एकच. ‘झेड’चा उच्चार माद्रिदमध्ये इंग्रजी ‘थिंक’मधल्या थसारखा आणि मेक्सिकोत सरळ स. दोन ‘एल’ जोडून आले की कुठे ल्य, कुठे य, कुठे आणखीनच काही. आणि ‘एक्स’चं तर विचारूच नका. कधी क्स, कधी स, कधी ख़. असं का, असं विचारलं तर बहुतेक पुस्तकं सांगतात, की हे असंच आहे, लक्षात ठेवा.

मला मात्र हे दुसरं पानच जास्त आवडतं. पहिल्या पानावर नुसते नियम आहेत, दुसऱ्या पानावर माणसं आहेत. तिथल्या जवळजवळ प्रत्येक अपवादामागे कुणीतरी जहाजात बसलंय, कुणाला तरी देशाबाहेर काढलंय, कुणीतरी कुणाशी तरी भांडलंय.

१४९२ सालचं पुस्तक

१४९२ हे साल आपल्याला कोलंबसामुळे पाठ असतं. स्पेनच्या इतिहासात त्या एका वर्षात फार गर्दी आहे. जानेवारीत ग्रानादा पडलं आणि तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. ३१ मार्चला ज्यू लोकांनी धर्म बदलावा नाहीतर देश सोडावा, असा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबसाची तीन जहाजं पालोस बंदरातून निघाली. आणि १८ ऑगस्टला सालामान्का इथे एक पुस्तक छापून पूर्ण झालं. आंतोनिओ दे नेब्रिख़ा या पंडितानं लिहिलेलं कास्तिलियन, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेचं, पहिलं छापील व्याकरण.

लॅटिनचं व्याकरण शिकायचं, हे ठीक. पण घरात बोलतो त्या भाषेचं व्याकरण कशाला? हा प्रश्न खुद्द राणी इसाबेलनं विचारला होता असं नेब्रिख़ानं प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलंय. त्याच प्रस्तावनेत त्याचं ते प्रसिद्ध मत आहे, की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते. अमेरिका नावाचं काही आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हाचं हे वाक्य!

पण आपल्या तक्त्याच्या दृष्टीनं महत्त्वाची त्याची दुसरी गोष्ट. तो म्हणतो, लॅटिनकडून आपण २३ अक्षरं उसनी घेतली आणि आपल्या भाषेत उच्चार आहेत २६. हिशोब जुळत नाही. तेव्हा जसं बोलतो तसं लिहावं आणि जसं लिहितो तसं वाचावं, अशी लेखनाची घडी बसवायला हवी. हे तत्त्व त्यानं रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विन्टिलियनकडून घेतलं होतं, पण स्पॅनिशमध्ये ते रुजवलं त्यानं. आज पहिल्या दिवशी आपल्याला मिळणारा दिलासा हा असा पाचशे वर्षं जुना आहे.

गंमत म्हणजे, त्याच्या स्वतःच्या नावातला ख़ त्याच्या काळी ख़ नव्हताच.

मराठी तोंडाला सोपी असलेली स्पॅनिश

नेब्रिख़ाच्या काळातली स्पॅनिश आज ऐकायला मिळाली, तर माद्रिदच्या माणसाला ती जरा विचित्र वाटेल, पण मराठी माणसाला तिचे काही उच्चार ओळखीचे वाटतील. तेव्हा ‘एक्स’चा उच्चार होता श. ‘जे’चा उच्चार होता इंग्रजी ‘मेझर’ या शब्दाच्या मधल्या आवाजासारखा. आणि एक अक्षर होतं शेपटीवालं ‘सी’. या ‘सी’च्या खालच्या शेपटीला ‘सेदिल्या’ म्हणतात, म्हणजे छोटा झेड. या शेपटीवाल्या सीचा जुना उच्चार होता आपल्या ‘चोर’मधला च. ‘चहा’मधला नव्हे, ‘चोर’मधला. आणि ‘झेड’चा उच्चार होता ‘जड’मधला ज. ‘जेवण’मधला नव्हे. जे दोन उच्चार शिकताना अमराठी माणसाची जीभ अडखळते, ते दोन्ही मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये रोजच्या वापरात होते.

एक शब्द घेऊन पाहू. बुद्धिबळ. आपल्या ‘चतुरंग’चं फारसी-अरबीत झालं ‘शतरंज’. अरबांबरोबर तो खेळ स्पेनमध्ये गेला आणि तिथे फिरून फिरून त्याचं रूप झालं ‘आशेद्रेज़’, ज़ ‘जड’मधला. हा श लिहिला जाई ‘एक्स’नं. आज तोच शब्द माद्रिदमध्ये ‘आख़ेद्रेथ’ आणि मेक्सिकोत ‘आहेद्रेस’ असा ऐकू येतो. दोन्ही ऐकून चतुरंगाची आठवण होणं कठीण. मधली पायरी मात्र आपल्या कानाला लगेच कळते. तसंच सरबताचं. ‘शराब’, ‘शरबत’ हे ज्या अरबी धातूपासून आले, त्याच्यापासूनच जुन्या स्पॅनिशमधला ‘शाराबे’ आला. आज त्याचा ‘ख़ाराबे’ झालाय, अर्थ पाक किंवा खोकल्याचं औषध.

मग हा श गेला कुठे?

सोळाव्या शतकात कास्तिलियनमधल्या या जोड्या एकेक करून मिसळायला लागल्या. ‘जे’ आणि ‘एक्स’ यांच्यातला फरक पुसला गेला, दोन्हींचा श झाला. मग हा श जिभेच्या मागे मागे सरकत घशापर्यंत पोचला आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा ख़ झाला. कुणी फर्मान काढलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आजी जे म्हणते त्यापेक्षा नात किंचित वेगळं म्हणते, एवढंच. तीन-चार पिढ्यांत भाषेचा आवाज बदलतो.

रेकॉर्डिंग नसताना हे कळलं कसं? काही पुरावा कवितेतल्या यमकांत आहे, काही अरबी-हिब्रू लिपीत लिहिलेल्या स्पॅनिशमध्ये आहे. पण सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका. आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) ही मोठी लेखिका, पण तिचं शिक्षण विद्यापीठातलं नव्हतं. तिच्या हस्तलिखितांत जिथे ‘एक्स’ हवा तिथे ‘जे’ येतो, जिथे दोन ‘एस’ हवेत तिथे एकच येतो. म्हणजे तिच्या कानाला हे फरक उरलेच नव्हते. पंडित लोक नियमानं लिहीत राहिले, त्यामुळे त्यांच्या कागदांतून काहीच कळत नाही. कळतं ते जिनं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं तिच्याकडून. शाळेत लाल शाईनं खुणा केलेल्या वह्यांकडे त्यानंतर मी जरा आदरानं पाहू लागलो.

मेशिको, मेख़िको, मेक्सिको

पण श पूर्ण नाहीसा होण्याआधी बरीच जहाजं निघून गेली होती.

१५१९ मध्ये एर्नान कोर्तेसची माणसं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या तोंडात ‘एक्स’ म्हणजे श होता. तिथल्या नाउआत्ल भाषेतही श भरपूर. त्यामुळे पाद्र्यांनी ती भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली, तेव्हा प्रत्येक श ‘एक्स’नं लिहिला. देशाचं नाव होतं ‘मेशीको’सारखं, तेही ‘एक्स’नं लिहिलं गेलं. पुढे स्पॅनिशमधला ‘एक्स’ घशात गेला, त्याबरोबर हे नावही गेलं आणि ‘मेख़िको’ झालं. इंग्रजांनी अक्षर पाहिलं, आवाज ऐकला नाही, आणि ‘मेक्सिको’ म्हटलं. आपल्याकडे ते इंग्रजीतून आलं म्हणून आपणही तेच म्हणतो. एक अक्षर, तीन आवाज. नाउआत्ल भाषा मात्र आजही जिवंत आहे आणि तिच्यातला ‘एक्स’ आजही श आहे.

टेक्ससचंही तसंच. कॅडो लोकांच्या ‘तायशा’ म्हणजे मित्र या शब्दावरून स्पॅनिश लोकांनी ते नाव ‘एक्स’नं लिहिलं. आणि डॉन किहोटे! सेर्व्हान्तेसची कादंबरी १६०५ साली आली, तेव्हा हा बदल अर्ध्या वाटेवर होता. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी नायकाचं नाव उचललं ते श असतानाच, म्हणून फ्रेंचमध्ये तो ‘किशोत’ आहे आणि इटालियनमध्ये ‘किशोत्ते’. इंग्रजांची ‘शेरी’ ही दारूही तशीच. ज्या गावची ती दारू, त्याला आज स्पेनमध्ये ‘ख़ेरेथ’ म्हणतात. गावानं आपला श टाकला, बाटलीनं सांभाळला.

ज्यांनी श सोबत नेला

१४९२ च्या हुकमानं ज्यांना घर सोडावं लागलं, त्या ज्यू कुटुंबांपैकी पुष्कळ जण पुढे ऑटोमन साम्राज्यात जाऊन वसले. इस्तंबूल, इझ्मिर, सालोनिका. घरदार, जमीन मागे राहिली. भाषा नेता आली, ती त्यांनी नेली. तिला लादिनो म्हणतात. शतकानुशतकं ती हिब्रू लिपीत लिहिली गेली आणि स्वयंपाकघरात, बाजारात, पाळण्यापाशी बोलली गेली.

स्पेनमध्ये जे बदल झाले ते या लोकांपर्यंत पोचले नाहीत. त्यामुळे आजच्या स्पॅनिशमध्ये ‘तो म्हणाला’ हे ‘दिख़ो’ असेल, तर लादिनोत ते ‘दिशो’ आहे. पक्षी तिकडे ‘पाख़ारो’, इकडे ‘पाशारो’. पेटी तिकडे ‘काख़ा’, इकडे ‘काशा’. ज्या राणीला नेब्रिख़ानं व्याकरण अर्पण केलं, तिच्या काळचे आवाज तिनंच हाकललेल्या लोकांनी पाचशे वर्षं जपले.

ही गोष्ट गोड करून सांगण्यासारखी नाही. सालोनिका हे या भाषेचं सर्वांत मोठं शहर होतं. १९४३ साली नाझींनी तिथल्या चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत भरून आउशवित्झला पाठवलं. त्यांतले फारच थोडे परतले. एखादी भाषा मेली असं आपण सहज म्हणतो, पण भाषा आपणहून मरत नाही. ती बोलणारे उरत नाहीत. आज लादिनो बोलणारे थोडे उरले आहेत, बहुतेक वयस्कर.

२०१५ मध्ये स्पेननं एक कायदा केला. १४९२ मध्ये हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व मिळू शकेल, असं जाहीर केलं. २०१९ पर्यंत अर्ज घेतले. घरात लादिनो बोलली जाते, हा वंशाचा एक पुरावा म्हणून धरला गेला. त्याचबरोबर स्पॅनिश भाषक देशांबाहेरच्या बहुतेक प्रौढ अर्जदारांना आजच्या स्पॅनिशची एक प्राथमिक परीक्षाही द्यावी लागे. ‘पाशारो’ म्हणणाऱ्या माणसाला ‘पाख़ारो’ शिकून यायला सांगायचं! यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला म्हणायचं नाही. पण अक्षरांच्या तक्त्यात किती काय मावतं, ते यावरून कळावं.

गोव्याच्या पाटीवर

आपल्याला हा श शोधायला इतकं लांब जायचीही गरज नाही. स्पॅनिशची शेजारीण पोर्तुगीज. तिच्यात ‘एक्स’चा श शिल्लक राहिला. पेटीला पोर्तुगीजमध्ये ‘काइशा’ म्हणतात आणि तो श ‘एक्स’नंच लिहितात. पोर्तुगीजांबरोबर ही अक्षरं गोव्यात आली. फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतल्या कोकणीत आजही श म्हणजे ‘एक्स’. गोव्यातल्या एखाद्या नावात ‘एक्स’ बघून बाहेरचा माणूस गोंधळतो. खरं तर तो पाहत असतो ते इबेरियन द्वीपकल्पातलं मध्ययुगीन शुद्धलेखन.

तीच गोष्ट शेपटीवाल्या सीची. स्पॅनिशनं ते अक्षर अठराव्या शतकात टाकून दिलं. पोर्तुगीजनं ठेवलं. पोर्तुगीज लोक आपलं म्हापसा लिहीत ते याच शेपटीवाल्या सीनं.

आणि ‘एन्ये’. ‘एन’वर लाटेसारखी रेघ असलेलं हे अक्षर म्हणजे स्पॅनिशची ओळखच. लॅटिनमध्ये वर्षाला ‘आन्नुस’ म्हणत. हस्तलिखितं करणारे लेखनिक जागा आणि श्रम वाचवायला दोन ‘एन’ऐवजी एकच लिहून वर रेघ मारत. दरम्यान दुहेरी न्नचा उच्चार न्य झाला आणि ‘आन्यो’ हा शब्द तयार झाला. पोर्तुगीजांनी याच आवाजासाठी ‘एन’ला ‘एच’ जोडला. त्यामुळेच वसई-गोव्याकडची आडनावं आपण ‘नोरोन्हा’, ‘डिकुन्हा’ अशी वाचतो. अक्षरं पाहून वाचली की असं होतं. पोर्तुगीज तोंडी ते ‘नोरोन्या’, ‘कुन्या’.

या एन्येला १९९१ साली जरा धोका निर्माण झाला होता. स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या कळफलकांवर एन्ये असलीच पाहिजे असा तिथला नियम होता. हा मुक्त व्यापारातला अडथळा आहे, असं युरोपीय समुदायाचं म्हणणं पडलं. लेखक, भाषातज्ज्ञ, सामान्य लोक सगळे खवळले. शेवटी १९९३ मध्ये स्पेननं सांस्कृतिक वारशाच्या आधारावर स्वतंत्र हुकूम काढून ती कळ वाचवली. संगणकावर धड मराठी उमटावी म्हणून ज्यांनी कधीकाळी फॉन्टांशी झटापट केली आहे, त्यांना हे भांडण क्षुल्लक वाटणार नाही.

बोबड्या राजाची गोष्ट

आता ‘झेड’. माद्रिदमध्ये ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘काथा’ म्हणजे शिकार. अमेरिकेत दोन्ही ‘कासा’. यावर एक लोकप्रिय कथा आहे, की स्पेनचा एक राजा बोबडा होता, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली आणि सगळा देश थ म्हणू लागला. गोष्ट छान आहे, पण खोटी. राजा बोबडा असता तर ‘कासा’चंही ‘काथा’ झालं असतं. माद्रिदचा माणूस स आणि थ दोन्ही स्वच्छ म्हणतो.

खरं घडलं ते असं. ‘चोर’मधला च आणि ‘जड’मधला ज हे दोन उच्चार उत्तरेत एक होऊन शेवटी थ झाले आणि सपासून वेगळे राहिले. दक्षिणेत, अंदालुसियात, ते सशीच मिसळले. आता १५०३ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या सगळ्या व्यापाराची आणि प्रवासाची कचेरी सेव्हिलमध्ये स्थापन झाली. सेव्हिल अंदालुसियात. जहाजं तिथून सुटत, खलाशी तिथले, आणि महिनोन् महिने परवान्याची आणि जहाजाची वाट पाहत लोक थांबत तेही तिथेच. सुरुवातीच्या दशकांत गेलेल्या स्पॅनिश लोकांत अंदालुसियाच्या लोकांचा वाटा सर्वांत मोठा होता, स्त्रियांमध्ये तर निम्म्याहून अधिक. नव्या जगातली पहिली स्पॅनिश मुलं ज्या आयांच्या मांडीवर बोलायला शिकली, त्यांच्या तोंडात स होता. बोबडा राजा सांगायला सोपा. पण सगळा खंड आज स म्हणतो तो राजामुळे नाही, या आयांमुळे.

मुका ‘एच’ आणि आपला टिंब

‘एच’ हा असाच थरांचा. लॅटिन ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, ‘फारिना’ म्हणजे पीठ. कास्तिलियनमध्ये या फचा ह झाला, आणि मग हही गळला. १५६१ मध्ये दरबार माद्रिदला आला आणि ह न म्हणणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांची बोली प्रतिष्ठित ठरत गेली. आज मुलगा ‘इख़ो’, पीठ ‘आरिना’, पण लिहिताना ‘एच’ आहे, मेलेल्या फच्या थडग्यावरच्या दगडासारखा. काही ‘एच’ मात्र निव्वळ सोयीचे आहेत. अंडं म्हणजे ‘उएवो’. लॅटिनमध्ये त्यात ‘एच’ नव्हता. पण पूर्वी ‘यू’ आणि ‘व्ही’ हे एकच अक्षर होतं, तेव्हा वाचणाऱ्यानं ‘वेवो’ म्हणू नये म्हणून पुढे ‘एच’ लावला. नंतर ‘यू’ आणि ‘व्ही’ वेगळे झाले, पाटी तशीच राहिली.

हे वाचताना मला आपल्या अनुस्वारांची आठवण येते. आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘गांव’ असं लिहिलेलं असे. तो टिंब कुणी म्हणत नसे. पण ‘नाम’ आणि ‘ग्राम’ यांच्यातल्या मची ती खूण होती. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी असे उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. स्पॅनिशनं आपला ‘एच’ ठेवला, आपण टिंब पुसला. मुलांचे गुण वाचले हे खरं, आणि शब्दाचं मूळ दिसेनासं झालं हेही खरं.

ठरवायचं कुणी?

स्पॅनिशमध्ये ठरवण्याचं काम १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल अकादमीकडे आलं. अकादमी समजतो तितकी सनातनी नव्हती. शेपटीवाला सी तिनंच काढला. १८१५ मध्ये घशातल्या ख़साठी ‘एक्स’ लिहायचा नाही असं ठरवलं, तेव्हापासून किहोटेच्या नावात ‘जे’ आला. ‘मेख़िको’नं मात्र ऐकलं नाही. १८२१ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशानं आपला ‘एक्स’ सोडला नाही आणि जवळपास दोनशे वर्षांनी, २००५ मध्ये, अकादमीच्या शंकाकोशानंच ‘एक्स’ची शिफारस केली.

त्याहून मोठं भांडण चिलीत झालं. व्हेनेझुएलात जन्मलेला आन्द्रेस बेयो हा विद्वान. १८२३ मध्ये लंडनमध्ये असताना त्यानं एका सोबत्याबरोबर अमेरिकेसाठी सोप्या शुद्धलेखनाची योजना मांडली. मुका ‘एच’ हळूहळू काढावा, ख़ नेहमी ‘जे’नंच लिहावा, अशी. नव्या देशांत लाखो लोक निरक्षर आहेत, त्यांच्या वाटेत लॅटिनचे दगड कशाला, हा त्याचा रोख. १८४३ मध्ये अर्जेंटिनाहून परागंदा होऊन आलेला सार्मिएन्तो चिलीच्या विद्यापीठात त्याहून पुढे गेला. आम्ही अमेरिकेत थ म्हणतच नाही, तर ‘झेड’ हवा कशाला, असं त्याचं म्हणणं. हाच सार्मिएन्तो पुढे अर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला.

१८४४ मध्ये चिलीनं बेयोच्या सुधारणांपैकी काही स्वीकारल्या. त्याच वर्षी स्पेनच्या राणीनं शाळांमध्ये अकादमीचंच शुद्धलेखन सक्तीचं केलं. चिलीतली वेगळी लेखनपद्धती कशीबशी तग धरून राहिली आणि १९२७ मध्ये सरकारी हुकमानं संपली. वीस देशांनी वीस तऱ्हांनी लिहिलं तर पुस्तकं एकमेकांना कळणार नाहीत, हा विचार जिंकला. मला दोन्ही बाजू पटतात. सगळ्यांनी एकत्र राहायचं तर कुणाच्याच उच्चाराशी तंतोतंत न जुळणारं लेखन हवं, आणि त्याची किंमत दर वर्षी पहिलीतल्या पोरांनी भरायची. १९९७ मध्ये साकातेकासच्या भाषा परिषदेत गार्सिया मार्केसनं हे ‘एच’ एकदाचे पुरून टाका म्हटलं, तेव्हा जगभर गदारोळ झाला. ‘एच’ अजून उभा आहे.

मग शिकायचं कुठलं?

नवशिक्याचा शेवटचा प्रश्न हाच असतो. थ म्हणायचं की स? आज मातृभाषा म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्यांत स्पेनमधला माणूस जेमतेम दहातला एक आहे. बाकीचे सगळे सेव्हिलच्या जहाजांतून गेलेल्या उच्चारांचे वारसदार. ज्यांच्याशी बोलायचं असेल त्यांचा उच्चार घ्यावा. अशुद्ध त्यातला कुठलाच नाही. एकेकाळी संत तेरेसाही अशुद्धच लिहीत होती.

आणि श? तो आणखी एका ठिकाणी भेटतो. ब्युनोस आइरेसमध्ये. दोन ‘एल’ जोडून लिहितात त्या अक्षराचा उच्चार पूर्वी ल्य होता, बहुतेक जगात त्याचा य झाला. अर्जेंटिनाच्या राजधानीत आणि पलीकडे उरुग्वेत मात्र तो ‘मेझर’मधल्या आवाजाकडे वळला आणि विसाव्या शतकात त्याचा चक्क श झाला. ‘माझं नाव’ सांगताना माद्रिदचा माणूस ‘यो मे यामो’ म्हणतो, तर ब्युनोस आइरेसचा म्हणतो, ‘शो मे शामो’. सतराव्या शतकात घरातून गेलेला श तीनशे वर्षांनी दुसऱ्याच दारानं, दुसऱ्याच अक्षराचं नाव लावून परत आला.

तक्त्यात त्यासाठी अजून रकाना नाही. तुमच्या वहीत मात्र समासात जागा असेल, तिथे लिहून ठेवा.